गोळ्यांनी आणलेली माता

अकोट गावात, कापसाच्या जिनाच्या मागच्या गल्लीत, एक सासू राहात होती. तिला एक लेक होता, लेकाला एक बायको होती. सासू करारी, लेक गरीब स्वभावाचा, आणि सून अशी की तिचं नाव काढलं तर त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या अजून आपला दंड चोळतात. ती सून म्हणजे मी, गोदा!

आता कोणत्या तोंडानं सांगू बाप्पा! त्याच तोंडापायी तर सगळं झालं. पण सांगते. आधी चहा घ्या, मग हसताना अंगावर सांडला तर माझ्या नावानं ओरडू नका.

नवं मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. माहेर अमरावतीचं. आमचे हे जिनात कापसाच्या काट्यावर वजन करायला होते. सासूला मी मामी म्हणायची. मामी महानुभाव पंथाच्या, उपदेश घेतलेल्या. मासमच्छीचं तर सोडाच, अंड्याचं टरफल वाटेत दिसलं तरी त्या गल्ली बदलायच्या. आणि आपल्या पंथाच्या देवाशिवाय दुसऱ्या कोणत्याही देवीदेवतेपुढं मान वाकवायची नाही म्हणजे नाही.

शेजारी शेवंताबाई माळीण. तिचा फुलांचा मळा. गावातल्या यच्चयावत देवांना फुलं तिचीच जायची, म्हणून सगळ्यांशी तिची घरोब्याची ओळख! मामींचं आणि तिचं देवावरून रोज वाजायचं, आणि रोज ताकाची देवघेवही व्हायची.

लग्नात माझं तोंड कसं गुळगुळीत होतं! सासरी आले आणि काय झालं कोण जाणे, कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे पुटकुळ्या. एक बसली की दोन उठायच्या. मुलतानी माती झाली, मसुराची डाळ झाली, हळद झाली. हळदीनं पुटकुळ्या गेल्या नाहीत, फक्त पिवळ्या झाल्या.

"तोंड हाय का काट्याचं वांगं व?" मामी म्हणायच्या.

आमचे हे मात्र, मी वाढायला वाकले की भाकरीकडं बघायचे. आता सांगा, वर्षाचा नवरा बायको सोडून भाकरीकडं प्रेमानं बघू लागला, तर बाईनं करायचं काय?

तेवढ्यात मी माहेरी गेले. माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, अमरावतीत एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. त्यानं मला एक मोठी, काठोकाठ भरलेली बाटली आणून दिली. आत पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या, लुसलुशीत गोळ्या. मक्याच्या कोवळ्या दाण्यांवर तेल चोळावं तशा.

"रोज एक. एकच, आयकलं का? महिन्यानं येऊन मले तोंड दाखव."

"एकच," मी म्हटलं.

शाळेचं तोंड मी पाहिलं नव्हतं. अक्षर येत नव्हतं. पण गणित यायचं, तेच वाईट झालं! मी म्हटलं, एका गोळीनं महिना लागतो, तर तीन गोळ्यांनी दहा दिवस. साधी गोष्ट आहे. दादाच्या कशी लक्षात आली नाही?

बाटली सासरी आणली आणि ज्वारीच्या कोठीत खोल दडवली. मामींना कळलं असतं तर, "तोंड रंगवाचे धंदे माह्या घरात नोको!" म्हणून त्यांनी मला बाटलीसकट माहेरी धाडलं असतं.

दहा दिवसांत पुटकुळ्या गेल्या का? नाही गेल्या. पण सुकायला लागल्या. मला एवढा आनंद झाला, की मी गोळ्या चालूच ठेवल्या. ओठ फुटले. गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघू लागली. मी म्हटलं, जुनी जाऊन राहिली, आता खालून नवी येईल.

मग डोळे सुरू झाले.

सकाळी उठले तर डोळ्यांत कोणी वाळू ओतल्यासारखं. पापणी मिटली तर खरखर, उघडली तर जळजळ. त्यात वैशाख. अकोटचा वैशाखातला वारा कसा असतो ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. आणि आमच्या गल्लीत त्या वाऱ्याबरोबर जिनातल्या कापसाची रुई उडायची. चुलीपुढं बसले की आग आग व्हायची. धुरानं माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतं ना? माझ्या येईना. कांदा चिरला. परातभर चिरला. एक टिपूस नाही! विहीर आटावी तसे डोळे आटले होते.

मी पदर भिजवून डोळ्यांवर धरायची. काकडीची साल ठेवायची. शेवंताबाईच्या टोपलीतल्या गुलाबाच्या पाकळ्या चोरून पाण्यात घालायची आणि त्या पाण्यानं डोळे धुवायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, की पुन्हा वाळू. मग मी सारखी पापण्या मिटायची, उघडायची, मिटायची, उघडायची. एकदा जेवताना हे लाजून इकडंतिकडं पाहत हळूच म्हणाले,

"डोये काहून मिचकावून राहिली व? माय बसेल हाय ना अठी!"

हसता काय? मी आतून वाळून चालले होते भीतीनं. आमच्या माहेरच्या गल्लीत एक काकू होती, देवीच्या रोगात डोळे गेलेली. तोंडभर वण आणि पांढरी बुबुळं. भिंतीला हात लावत विहिरीपर्यंत जायची. लहानपणी आम्ही तिच्या वाटेतून बाजूला व्हायचो. आता सकाळी डोळे उघडताना मला रोज तीच दिसायची. आणि गोळ्यांचा नि डोळ्यांचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गोळी पोटात जाते, डोळे वर असतात!

एका सकाळी मी तासभर चुलीपुढं भाकरी थापत होते. शेवंताबाई ताक मागायला आली. मी मान वर केली. तिनं हातातला तांब्या तिथंच ठेवला.

"अव माय! लालभडक डोये, वठ फुटेल, तोंडभर फोडं..." तिनं माझ्या कपाळाला हात लावला. तासभर चुलीपुढं बसलेल्या बाईचं कपाळ थंड असतं का? "आंग तर तव्यासारखं तापेल हाय! काकू, अवो काकू, भाईर या! तुमच्या सुनेले माता आली!"

माता म्हणजे देवी. तो रोग. तुम्हाला आज त्या शब्दाचं काही वाटणार नाही. तेव्हा तो शब्द ऐकला की बाया लेकरं पोटाशी धरायच्या.

मामी बाहेर आल्या. मला पाहिलं आणि उंबऱ्यावर मटकन बसल्या. मी सांगायला तोंड उघडलं, की मामी, माता नाही, या तर जुन्याच पुटकुळ्या. पण डोळे कशानं लाल, ओठ कशानं फुटले, असं विचारलं तर कोठीतली बाटली निघाली असती. मी क्षणभर थांबले. आणि तेवढ्यात मामी म्हणाल्या,

"गोदा, माय माही, तू उठ तठून. नीज जरा. भाकरी मी थापतो."

माय माही! वर्षभरात त्या बाईनं मला माय म्हटलं नव्हतं. आणि मी काय केलं? जाऊन खाटेवर पडले! हाच तो गाढवपणा. दोन शब्द बोलायचे होते, ते गिळले. गोळ्या गिळून गिळून गिळायची सवयच लागली होती.

शेवंताबाईनं लगेच निंबाच्या डहाळ्या आणल्या.

"आमच्यात देवी-बिवी चालत नाई, शेवंते," मामी म्हणाल्या.

"मंग निंब नाई लावाचा का?"

मामींनी थोडा विचार केला. "निंब काय देव हाय? झाड हाय. झाडाले कोनता पंथ असते? लाव दाराले. आन खाटेखाली बी टाक."

घरात फोडणी बंद. मला दहीभात. आणि सगळ्यात मोठा नियम, रोग्याला वाकडं बोलायचं नाही, कारण त्याच्या अंगात माता बसलेली असते. मामींची पंचाईत! माझ्याशी भांडल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. मग त्या अंगणात जायच्या, भिंतीकडं तोंड करून, "कशी पडेल हाय पाह्य, पाटलीन!" असं मनसोक्त बोलून घ्यायच्या, आणि आत येऊन गोड आवाजात विचारायच्या, "आनखीन दही देऊ का माय?"

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बरंच झालं! माता अंगात नऊ दिवस राहते म्हणतात, म्हणजे नऊ दिवस कोणी तोंड बघणार नाही. ज्वारीची कोठी खाटेला लागूनच. नऊ दिवस गोळ्या भरपूर खाव्या, आणि दहाव्या दिवशी चंद्रासारखं तोंड घेऊन बाहेर पडावं. तीनच्या मी सहा केल्या.

चौथ्या दिवशी मला खिडकीतला उजेड सहन होईना. पाचव्या दिवशी मामींचं तोंड धुरकट दिसू लागलं. मग मात्र मजा संपली. दुपारी घर झोपलं की मी डोळे घट्ट मिटून खाटेवरून उठायची आणि हातानं चाचपडत पाण्याच्या माठापर्यंत जायची. किती पावलं, कुठं खांब, कुठं उंबरा. आंधळी झाले तर सवय असावी म्हणून! एकोणीस वर्षांची मी. माठाला हात लागला की तिथंच बसून राहायची. रडावंसं वाटायचं. पण रडायला डोळ्यांत काही पाहिजे ना!

हे रोज दाराशी येऊन उभे राहायचे. आत यायची त्यांना बंदी.

"गोदा, दवाखान्यात नेऊ का व?"

मी हो म्हणायच्या आत शेवंताबाई कडाडायची. "मातेवर औषध? कोपली तं जाताना डोये घेऊन जाईन पोरीचे!"

हे मामींकडं पाहायचे. मामी देवीला मानत नव्हत्या, पण भीत होत्या. मानणं आणि भिणं यांची चूल वेगळी असते हो. त्या नुसत्या म्हणायच्या, "उद्या पाहू."

बघा कशी अडकले! मला डॉक्टर पाहिजे होता, आणि जोवर माझ्या अंगात माता होती तोवर डॉक्टर मिळणार नव्हता. आणि मातेला मीच आणून बसवलं होतं!

सहाव्या दिवशी बातमी सरकारात पोचली आणि देवीची लस टोचणारा पेटी घेऊन गल्लीत हजर. आमची गल्ली वर्षानुवर्षं त्याला चुकवत आलेली. तो या टोकानं आला की बाया त्या टोकानं शेतात. पण या वेळी गल्लीत साक्षात रोगी! पळणार कुठं? त्यानं घराघरातून माणसं ओढली. लेकरं किंचाळत होती, म्हातारे शिव्या देत होते. मी आतून सगळं ऐकत होते. मामींनी दंड पुढं केला आणि ओरडल्या, "हळू रे मुडद्या, दंड हाय, लाकूड नाई!" शेवंताबाई तर निंबाच्या झाडामागं लपली होती. तिला तिथंच टोचलं.

मग तो आमच्या दाराशी आला. "रोगी पाह्यतो जरा."

"आंदी पायतान काढ! आत माता बसेल हाय," शेवंताबाई दंड धरून विव्हळत म्हणाली.

तो दारातूनच वाकला. अंधार. माझ्या तोंडावर पदर. "हिले टोचून आता काय फायदा," तो म्हणाला, "मी मोठ्या डॉक्टरले धाडतो." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीचे दंड टमाट्यासारखे सुजले. अंगणातून कण्हण्याचे आवाज. ज्याला त्याला ताप. आणि ज्या पोरीपायी हे झालं ती आत दहीभात खाऊन राहिली! मी ताट बाजूला सारलं.

आठव्या दिवशी सकाळी जाग आली आणि पापण्या उघडेनात. चिकटून बसलेल्या. बोटांनी उघडल्या, तर समोर पांढरं. नुसतं पांढरं. दार नाही, खिडकी नाही, काही नाही.

माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली, की हे बंदी-बिंदी विसरून आत धावले. मामी आल्या, शेवंताबाई आली.

"मले दिसत नाई! मामी, मले काहीच दिसत नाई!"

आता मला बाटलीची भीती नव्हती, माहेरी पाठवतील याची भीती नव्हती. मी ओरडले, "माता आली नाई हो! खोटं हाय सगळं! मले डॉक्टरकडे न्या!"

शेवंताबाई हळूच म्हणाली,

"आयकलं? माता बोलून राहिली. हात जोडा समदे."

"अव माता नाई! मी गोदा हाय!"

"हो माते."

"मी गोया खाल्ल्या! तोंडाच्या फोडांसाठी! कोठीत लपवून!"

"तुले काय खाचं ते खाय माते, पन पोरीचे डोये सोड!"

डोकं फोडून घ्यावंसं वाटलं मला! जन्मात पहिल्यांदा खरं बोलून राहिले, तर ऐकणारं कोणी नाही. मला तेव्हा कुठं दिसत होतं, हे सगळं यांनी मागून सांगितलं: मी जेवढी ओरडायची तेवढी शेवंताबाई जमिनीला डोकं टेकायची. हे हात जोडून उभे. सगळ्यात हाल मामींचे. दुसऱ्या देवापुढं वाकायचं नाही, आणि न वाकावं तर सुनेचे डोळे जातात! शेवटी त्यांनी आपल्या पंथाच्या रीतीनं, डोळे मिटून, "दंडवत प्रणाम!" म्हटलं. ज्याला पोचायचं त्याला पोचो.

मी चाचपडत कोठीत हात घातला आणि बाटली काढून पुढं धरली. "ह्या पाहा! ह्या गोया!"

पटलं का त्यांना? छे! शेवंताबाईनं बाटली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "मातेनं परसाद देल्ला बाप्पा! कोठीतून काढून देल्ला!" आणि एकेक गोळी सगळ्यांच्या तळहातावर. मामींच्याही.

"आमच्यात नाई चालत," मामी पुटपुटल्या.

"काकू, पोरीचे डोये!"

मामींनी गोळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हात तोंडाकडं नेला.

"अहो, काय खाताय ते?" दारातून आवाज आला.

मोठे डॉक्टर! पुण्याकडचे असावेत. चपला बाहेर काढून आत आले, तेवढं शेवंताबाईनं करवलंच. त्यांनी मामींच्या हातातली गोळी उचलली, वास घेतला, बाटली पाहिली. मग विजेरी लावून माझं तोंड, ओठ, डोळे पाहिले. कोमट पाण्यात कापूस भिजवून डोळ्यांवर ठेवला, पुसले, पुन्हा ठेवला.

"ही देवी नाही. या मुरमाच्या पुटकुळ्या आहेत. किती गोळ्या खाल्ल्यात बाई?"

"सहा."

"महिन्यात?"

"दिवसात."

डॉक्टरांनी पुन्हा विजेरी लावली. मी जास्तच घाबरले. मग त्यांनी माझ्यापुढं हात धरला.

"किती बोटं?"

पांढऱ्यात काहीतरी हललं. मी पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. "तीन... तीन हायेत!"

"डोळे जात नाहीत तुमचे. पण या गोळ्यांनी डोळ्यांतलं पाणी आटवलंय. आजपासून एकही नाही."

मी रडले हो! नुसता आवाज, टिपूस नाही. हे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, त्यांच्या डोळ्यांतून मात्र दोघांच्या वाटणीचं पाणी वाहात होतं.

मामींनी बाटलीकडं बोट दाखवलं. "कायची असते हो ही गोई?"

"त्यात माशाच्या काळजाचं तेल असतं."

मामींचा तो गोळी धरलेला हात! त्यांनी तो अंगापासून असा लांब धरला, जसा तो शेजारणीचाच आहे. तीन वेळा राखेनं घासला, तीन वेळा धुतला. मग माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, झालं, आता माहेर.

"दिसून राहिलं ना तुले?" त्यांनी विचारलं.

"दिसून राहिलं, मामी."

"मंग ऊठ. डोये अमरावतीले दाखवू, आन पोट आमच्या पंथाच्या देवाच्या ठायी, रिद्धपूरले धुवू. येकाच यष्टीनं दोनी कामं करून येऊ."

तशीच गेलो आम्ही. अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं थेंब दिले, पापण्या मिटायला शिकवलं, वाऱ्याकडं तोंड करून चुलीशी बसू नको म्हणून सांगितलं. नजर परत आली. पाणी मात्र पुरतं परत आलं नाही. आज इतकी वर्षं झाली, थेंब घालते, ओला पदर ठेवते, पंख्याखाली बसत नाही. सकाळी डोळे उघडले की अजून आधी दार-खिडकी दिसते का ते बघते. ती भीती काही गेली नाही.

घरी आलो तर सगळी गल्ली सुजलेले दंड घेऊन माझी वाट बघत होती. काय काय ऐकलं मी! नावं सांगत नाही, त्यातल्या काही अजून हयात आहेत.

आणि पुढच्या उन्हाळ्यात खरीच देवी आली. हिवरखेडकडून बातम्या येऊ लागल्या, मग आमच्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडं. दारोदार निंब लागले. आम्ही रोज लेकरांची अंगं तपासायचो, रोज एकमेकींची तोंडं बघायचो. महिना गेला, दोन गेले. आमच्या गल्लीत एकाच्या अंगावर फोड उठला नाही. एकाच्याही नाही! सगळे टोचलेले होते ना, माझ्यापायी. मलाही मोठ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी टोचलं होतं. आणि त्या वर्षी आमच्या घरात पाळणा हलला.

बारशाला सगळी गल्ली आली. शेवंताबाईनं टोपलीभर फुलं आणली आणि देवापुढं न ठेवता माझ्या ओटीत ओतली. मामींनी तान्ही नात मांडीवर घेतली, सगळ्या बायांदेखत माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या,

"गोदे, तुह्या बह्याडपनानं गल्ली वाचली व माय. आता जन्मात शहानी होऊ नोको!"

मामींना जाऊन किती वर्षं झाली. पण सुनेनं सासूचा शब्द कसा पाळावा ते माझ्याकडून शिका. एक दिवस मोडला नाही मी!